यंदा मांडव नको

३ ऑक्टोबर २०२४, गुरुवार

ठरलं! यंदा मांडव नको.

सकाळी घट बसवले आणि ह्यांना वाकून नमस्कार करता येईना. गुडघा! गेल्या वर्षी अंगणात मांडव घालताना शिडीच्या दोन पायऱ्या चुकल्या, तेव्हापासून हा गुडघा आम्हाला वर्षभर पुरलाय. डॉक्टरांनी बजावलं होतं, शिडीवर चढायचं नाही. ह्यांनी मान हलवली. ह्यांच्या मान हलवण्याला काही अर्थ नसतो हे मला अडतीस वर्षांच्या संसारात कळलंय.

दरवर्षी तेच. तुळशीच्या लग्नाआधीचा रविवार आला की ऐनाच्या लाकडाच्या मेढी, बांबू, काथ्या, पेंढ्याचे भारे. अंगणभर खड्डे. दिवसभर धूळ. मग सात महिने वरून कचरा — पापडांत, मिरच्यांत, चहात! पावसाआधी पुन्हा सगळं उतरवा. सहासष्टाव्या वर्षी माणसाने हे करायचं?

संध्याकाळी अनिशला पुण्याला फोन केला. म्हणाला, आई, सरळ ऑनिंग लाव. भिंतीला बसवतात. हँडल फिरवलं की कापडी छत बाहेर येतं, उलटं फिरवलं की गुंडाळून आत जातं. खांब नाही, खड्डा नाही. त्याने फोटो पाठवला. फोटोत एक बाई छताखाली खुर्ची टाकून पुस्तक वाचतेय. समोर चहाचा कप, कपात पेंढा नाही. मला ती बाई फार आवडली.

५ ऑक्टोबर

ह्यांना फोटो दाखवला. लांब धरून बघितला. "बरं हाय."

जेवताना मधेच विचारतात, मग मेढी कुठे पुरायच्या? म्हटलं, अहो मेढी नाहीतच, तीच तर गंमत! आमटी त्यांनी दुसऱ्यांदा घेतली नाही.

९ ऑक्टोबर, बुधवार

महाडला जाऊन आले. पडदे, जाळ्या आणि आता ही छतं विकणारी समीक्षा म्हणून बाई आहे. चाळिशीची, चटपटीत. दुकानात भिंतीवर पुराच्या पाण्याची रेघ तशीच ठेवलीय. रंग का देत नाही विचारलं तर म्हणाली, राहू दे, गिऱ्हाइकाला माल वरच्या फळीवर का ठेवलाय ते सांगावं लागत नाही.

तिने तासभर शिकवणी घेतली माझी. मोटरवालं की हँडलवालं? आमच्या वाडीत लाइटचा काय भरवसा — हँडल. कापड दोन तऱ्हांचं. एक गुळगुळीत, प्लास्टिकसारखं, खाली उकडतं. दुसरं जाड विणीचं, हवा खेळते, रंग विटत नाही. दुसरं. वारा सुटला की लगेच आत घ्यायचं, पावसाळ्यात उघडायचंच नाही. हे तिने तीनदा सांगितलं. मी पस्तीस वर्षं शाळेत पोरांना सांगत आले, आता मला कुणी तीनदा सांगतंय!

रंगांचे तुकडे घरी घेऊन आले. किती वर्षांनी काहीतरी निवडतेय, नुसतं स्वतःच्या हौसेने.

१४ ऑक्टोबर, सोमवार

समीक्षा माप घ्यायला आली. अंगण बघून म्हणाली, केवढं मोठं आहे हो मॅडम!

मोठं आहे कारण ते दोन घरांचं आहे. आमचं घर आणि समोर धाकट्या दिरांचं, सोनबा भाऊजींचं. मधे एकच अंगण. वाटणी झाली तेव्हा एवढंच काय ते सामाईक राहिलं. सासऱ्यांच्या, आबांच्या, दहाव्याला वरच्या मळ्यावरून दोघा भावांत शब्दाला शब्द लागला, आणि हे म्हणाले, आजपासून तू मला मेलास. तेव्हापासून चौदा वर्षं बोलणं नाही. आम्ही जावा बोलतो. बया इकडून कोथिंबीर नेते, मी तिकडून दही आणते. पुरुष तेवढे एकमेकांच्या अंगावरून वाऱ्यासारखे जातात.

समीक्षाने टेप गुंडाळत सांगितलं, "एक लावलंत तर अर्धंच झाकेल. दोन घ्या ना, समोरासमोर. एक तुमच्या भिंतीला, एक त्यांच्या. मधे जेमतेम वीतभर फट राहील."

बया तिच्या दारात सूप घेऊन उभी होती. तिने ऐकलं. मला माहीत आहे तिने ऐकलं.

मी म्हटलं, नको, एकच. आमच्यापुरतं.

का म्हटलं? दोन म्हटलं असतं तर भाऊजींना विचारावं लागलं असतं. विचारायचं कुणी? त्यापेक्षा सोपं ते केलं.

१८ ऑक्टोबर

हिरवा की विटकरी पट्ट्यांचा? अनिश म्हणतो पट्ट्यांचा. बया म्हणाली, मला काय कळतंय ताई त्यातलं. ह्यांना विचारलं तर, तुला हवा तो घे. विटकरी पट्टे.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

बसलं! दोन माणसं आली, चिऱ्याच्या भिंतीत भोकं पाडली, चार तासांत काम संपलं. मी हँडल फिरवलं. छत असं हळूहळू पुढे आलं, अंगणाच्या बरोबर मध्यापर्यंत. खाली खुर्ची टाकली, पुस्तक घेतलं, चहा घेतला. अगदी फोटोतल्यासारखी बसले.

वाडीतल्या बाया बघून गेल्या. मजा आली.

१० नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते लिहावंसं वाटत नाही, म्हणून लिहितेय.

सकाळी साडेसातला अंगणात लाकडं आपटल्याचा आवाज आला. बाहेर आले तर सोनबा भाऊजी. डोक्याला टॉवेल, खांद्यावरच्या मेढी उतरवत होते. ऐनाच्या सहा, ताज्या, साल काढलेल्या. शेजारी पहार. दोन आठवडे ते छत रोज बघतायत, तरी मेढी तोडून आणल्या!

मी हसून — हसून! — म्हटलं, "भाऊजी, यंदा मांडव नको. हे बसवलंय ना. तुमचाही त्रास वाचला."

त्यांनी भिंतीवरच्या त्या गुंडाळीकडे बघितलं. मग मला विचारलं, "दादा काय म्हनतो?"

चौदा वर्षांत त्यांच्या तोंडून दादा हा शब्द मी ऐकला नव्हता. निदान माझ्याशी बोलताना नाही. आणि मी काय केलं? ह्यांच्या वतीने उत्तर देऊन मोकळी झाले. म्हटलं, ते काय म्हणणार, त्यांचा गुडघा हा असा.

"बरं वैनी," म्हणाले. दोन-दोन मेढी उचलून तीन खेपांत परत नेल्या.

आत आले. हे दाराआड उभे. अंगात तो फाटका निळा शर्ट, वर्षातून एकदा मांडवालाच घालतात तो. हातात कोयता, नुकती धार लावलेला. कधी लावली धार? मला काहीच कळलं नाही. म्हटलं, अहो, तुम्ही कुठे निघालात? काही नाही म्हणाले. शर्ट काढला, घडी घातली आणि ट्रंकेत ठेवला. त्या शर्टाची घडी आजवर कुणी घातली नव्हती.

मग खाटेवर बसून म्हणाले, "मी येतच होतो बाहेर. तू आधी गेलीस."

११ नोव्हेंबर

मी मूर्ख आहे. शिकलेली मूर्ख.

मांडवाच्या दिवशी ते बोलायचे. हे मी दरवर्षी बघत होते आणि कधी बघितलंच नाही! एक शिडीवर, एक खाली. ताण. अजून ताण. अरे तिकडं नाय, तुझ्या बाजूला. दम खा जरा. दुपारी दोघे एकाच मेढीला टेकून भाकरी-सुकट खायचे. भाकरी बयाची, कालवण माझं. मग हे म्हणायचे, आबा असते तर ही मेढ उपटून परत पुरायला लावली असती. दरवर्षी हेच म्हणायचे, आणि भाऊजी दरवर्षी हसायचे. संध्याकाळी हातपाय धुतले की पुन्हा गप्प. वर्षभर.

मला त्या दिवशी दिसायची ती फक्त धूळ. कधी एकदा संपतंय आणि अंगण सारवते असं व्हायचं.

चौदा वर्षांत त्यांना चौदा दिवस मिळाले. पंधरावा मी खाल्ला.

१३ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न. आमचं आम्ही लावलं, त्यांचं त्यांनी.

२ डिसेंबर

भाऊजींनी त्यांच्या अर्ध्या भागात निळी ताडपत्री ताणलीय. इकडे पट्टे, तिकडे निळं. मधून उन्हाचा एक लांब पट्टा.

हे छताखाली बसत नाहीत. गोठ्याच्या सावलीत बसतात. फोटोतली बाई होऊन मी एकटीच बसते, आणि पुस्तकाचं पान काही पुढे जात नाही.

१२ जानेवारी २०२५, रविवार

दोन महिने मनाशी घोकून आज बयाकडे गेले. ती तांदूळ पाखडत होती. म्हटलं, बया, दुसरं छत आणते, तुमच्या भिंतीला लावू. माझ्याकडून. भाऊजींना तू सांग.

तिने सूप खाली ठेवलं. "ताई, सावली काय आमच्या आंब्याखाली पन हाय. सावलीसाठी घालायचे काय ते मांडव?"

मग तिनेच सांगितलं. भाऊजी आठ दिवस आधी रानात जायचे मेढी बघायला. त्यातल्या सरळसोट तीन निवडून बाजूला काढायचे — दादाच्या बाजूला लावायला. वाकड्या आपल्याकडे. चौदा वर्षं. मला वाटायचं आमची बाजू नीट दिसते कारण आमचं अंगण मी नीट ठेवते!

यंदाच्या मेढींचं काय केलं, विचारलं.

"फोडून चुलीत घातल्या. काय करनार."

तिने चहा केला नाही. राग म्हणून नाही, तिला सुचलंच नाही बहुतेक. मलाही उठायचं सुचत नव्हतं.

१३ जानेवारी

ह्यांना म्हटलं, चुकलं माझं. काढून टाकते ते छत. पुढच्या वर्षी घाला मांडव, मी एक शब्द बोलणार नाही.

हे गुडघ्याला तेल चोळत राहिले. मग बोलले. अडतीस वर्षांत एका दमात इतकं बोललेले आठवत नाहीत.

"काढून काय करशील? आता मला त्याला बोलवाय जावं लागंल. नायतर त्याला मला. मांडवाला आजवर कोन कुनाला बोलवाय गेला नाय. रविवार यायचा, आमी यायचो. तू मोडलंस म्हनून नाय बोलत मी. पन आता बोलवाय कोन जानार?"

मी म्हटलं, मी जाते. तुमच्या वतीने.

"गेलीवतीस की."

२० मार्च

परवा दुपारी वावटळ सुटली. मी पोलादपूरला बाजारात, छत उघडंच! परत आले तर एक दांडा वाकलेला, कापड भिंतीवर फडफडतंय. खरं लिहिते — बरं वाटलं. मोडू दे. आता अंगण उघडं पडेल, ओट्यावर ऊन येईल, भाऊजी बघतील, काहीतरी होईल. काय होईल ते मलाही ठाऊक नव्हतं.

समीक्षाला मी नाही, फोनवर ऐकून अनिशनेच कळवलं. आज तिची माणसं आली आणि नवा दांडा बसवून गेली. दोन दिवसांत! इतकी तत्पर बाई आख्ख्या तालुक्यात दुसरी नसेल. माझ्याच नशिबी यायची होती.

२० एप्रिल, रविवार

ओंकार आला मुंबईहून. भाऊजींचा मुलगा. चांगला पोरगा, आल्या आल्या पाया पडला. ओट्यावर बसून पाणी प्यायला आणि ह्यांना म्हणाला, काका, अंगणात मधोमध भिंत घालून घेतोय. गाडी घेतलीय, शेड टाकायचीय आमच्या बाजूला. तुमची काय हरकत नाय ना?

हे म्हणाले, माझी काय हरकत.

मी त्याला फाटकापर्यंत सोडायला गेले. विचारलं, अरे, अचानक भिंत? म्हणाला, अचानक कुठं काकू, तीन वर्षं मागं लागलोय बाबांच्या. बाबाच नको म्हणायचे.

"मधी भिंत आली तर मांडव कसा घालनार, हे एकच. आता काय, मांडवच नाय."

त्याने हे अगदी सहज सांगितलं. मी फाटक धरून उभी राहिले. तो गाडी सुरू करून निघून गेला तरी तशीच.

२१ एप्रिल

रात्रभर डोळा नाही. माझ्या एका खुर्चीसाठी!

मुख्याध्यापिका म्हणून शेवटची सात वर्षं भांडणारी पोरं माझ्यासमोर उभी करायचे सगळे. मी त्यांना एका बाकावर बसवायचे आणि एकच पेन्सिल द्यायचे. दोघांना मिळून चित्र काढा म्हणायचे. फार नाव झालं होतं त्या युक्तीचं. घरात तीच गोष्ट चौदा वर्षं न शिकवता चालली होती, आणि पेन्सिल मी काढून घेतली.

हे कुणाला सांगू? बयाला ठाऊक आहे. ह्यांना ठाऊक आहे. रागावत कुणीच नाही, त्याचाच त्रास होतो. एकदा कुणीतरी मला चार शब्द सुनवावेत.

५ मे, सोमवार

चिऱ्याचा ट्रक आला. उमरठकडचा कोंडाजी गवंडी आहे कामाला. पाया आखला, बरोबर माझ्या छताच्या झालरीखाली. म्हणाला, तीन दिवसांचं काम, छातीएवढी भिंत घालायची तर.

हे ओट्यावर बसून बघत होते. जेवायला हाक मारली तर उठले नाहीत.

७ मे

कोंडाजीचा गडी आज आलाच नाही. भाऊजी स्वतः चिरे उचलून देत होते. बासष्टाव्या वर्षी! एक चिरा हातातून सुटला, पायावर पडता पडता राहिला.

हे उठले. काठी ओट्याला टेकवून ठेवली आणि लंगडत गेले. मी ओरडणारच होते, गुडघा, अहो गुडघा! तोंडावर पदर दाबून धरला. एकदा बोलून बघितलंय मी.

चिऱ्याचं एक टोक ह्यांनी धरलं, दुसरं भाऊजींनी. जरा वेळाने भाऊजींचा आवाज आला, "जरा वर घे." आणि ह्यांचा, "घेतलं."

मी आत जाऊन रडले. मग दोघांपुरतं कालवण टाकलं. काय करू? बांधतायत ती भिंतच आहे. ती पूर्ण झाली की सगळं संपलं. मला हे दिसतंय, त्यांना दिसत नसेल का?

९ मे

कोंडाजीला सुट्टी दिली. उरलेलं आम्ही करतो म्हणाले. कोण म्हणालं, दोघांपैकी? बया म्हणते, दोघं एकदमच.

१३ मे, मंगळवार

आज नववा दिवस. भिंत अजून कमरेएवढीच आहे.

दुपारी भाऊजी म्हणाले, "दादा, हा थर वाकडा आलाय." हे म्हणाले, "मग काढ." काढला सगळा.

सरळ होता तो थर. मी ओट्यावरून ताणलेल्या दोरीवर नजर लावून बघितला होता.